कारखाना आणि प्रदूषण मंडळ यांच्यातील करारात पर्यावरणाची हमी कशी लिहावी

खानदेशात उसाचा गळीत हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि त्याच दिवसांत गिरणा, पांझरा, बोरी, अनेर यांची पात्रे आटू लागतात. ज्या महिन्यांत साखर कारखान्यातून सर्वाधिक सांडपाणी निघते, त्याच महिन्यांत ते सामावून घेण्याइतके पाणी नदीत उरलेले नसते. पुढे उन्हाळ्यात नदीकाठच्या गावांच्या विहिरी पात्रातल्या झिरप्यावर कशाबशा तग धरतात. जळगाव, धुळे किंवा नंदुरबार जिल्ह्यातल्या एखाद्या उद्योगाने पर्यावरण सुधारण्याची हमी लिहून द्यायची असेल आणि मंडळाने ती स्वीकारायची असेल, तर दोघांनीही हे वास्तव आधी समोर ठेवावे. हंगामाचा विचार न करता वर्षाच्या सरासरीवर बांधलेली हमी कागदावर पूर्ण होते आणि फेब्रुवारीतल्या डबक्यात तिचा काहीही उपयोग झालेला दिसत नाही.

पुढचे मार्गदर्शन प्रामुख्याने कारखान्याच्या पर्यावरण विभागात काम करणाऱ्यांसाठी आणि मंडळाच्या क्षेत्र अधिकाऱ्यांसाठी आहे. ज्या गावाच्या शिवारातून हे पाणी जाते, त्या गावाच्या सरपंचांनी आणि ग्रामसेवकांनीही ते वाचावे, कारण अशा करारातला तिसरा पक्ष प्रत्यक्षात तेच असतात आणि सहीच्या जागेवर त्यांचे नाव बहुधा नसते.

करार नेमका कोणत्या कागदात असतो

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची स्थापना 7 सप्टेंबर 1970 रोजी झाली. आज मंडळ आणि उद्योग यांच्यातील नाते मुख्यतः संमतीपत्रावर चालते. जल प्रदूषणाच्या 1974 च्या कायद्यातील कलम 25 व 26 आणि हवा प्रदूषणाच्या 1981 च्या कायद्यातील कलम 21 यांखाली उद्योग उभारण्याची आणि चालवण्याची संमती घ्यावी लागते व तिच्यासोबत अटी येतात. स्वेच्छेने केलेल्या सुधारणा करारासाठी या कायद्यांत वेगळे प्रकरण नाही. त्यामुळे आपल्याकडे अशी हमी संमतीपत्रातील जादा अट, संचालक मंडळाच्या ठरावासह दिलेले हमीपत्र, कालबद्ध कृती आराखडा किंवा बँक गॅरंटीला जोडलेले परिशिष्ट अशा कोणत्या तरी रूपात लिहिली जाते. माझ्या मते हमी संमतीपत्राच्या अटींत उतरवून घेणे सर्वांत सुरक्षित असते. वेगळे हमीपत्र पुढे फाईलमध्ये हरवते, तर संमतीपत्र दर नूतनीकरणाला पुन्हा वाचावेच लागते. जल कायद्याच्या कलम 27 नुसार मंडळाला आधी घातलेल्या अटींचा फेरविचार करता येतो, त्यामुळे संमतीची मुदत चालू असतानाही नवी अट घालण्याची वाट मोकळी असते.

येथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. कायद्याने ठरवलेली मर्यादा पाळणे ही हमी होऊ शकत नाही, कारण ते कर्तव्य आधीपासूनच आहे. नदीनाल्यात सोडायच्या पाण्यातील बीओडी (सेंद्रिय घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन, म्हणजे घाणीचे माप) 30 मिलिग्रॅम प्रतिलिटरपेक्षा जास्त नसेल, असे कोणी सुधारणा म्हणून लिहून देत असेल, तर तो कायद्याचेच वाक्य परत वाचून दाखवत असतो. हमीची मोजणी या मर्यादेच्या पलीकडे सुरू होते. याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. करारात कितीही चांगली हमी असली, तरी तिच्या बदल्यात मंडळाला कायद्याची मर्यादा सैल करता येत नाही. असे वाक्य मसुद्यात शिरले असेल, तर ते चर्चेच्या पहिल्याच दिवशी काढून टाकावे.

इतरांनी हे कसे केले

जपानमधील योकोहामा शहराने 1964 मध्ये कोळशावरच्या वीज केंद्राशी प्रदूषण नियंत्रणाचा करार केला आणि नंतर तेथे स्थानिक संस्था व कारखाने यांच्यातील अशा करारांची रीतच पडली. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 2000 साली परफॉर्मन्स ट्रॅक नावाचा कार्यक्रम सुरू केला. त्यात सहभागी कारखान्याने तीन वर्षांसाठी कायद्यापलीकडच्या चार सुधारणांची हमी द्यायची, दरवर्षी अहवाल द्यायचा आणि त्या बदल्यात तपासणी व कागदपत्रांत काही सवलत घ्यायची, अशी रचना होती. 2007 मध्ये त्या संस्थेच्याच अंतर्गत महानिरीक्षक कार्यालयाने 30 सदस्य कारखान्यांची नमुना तपासणी केली, तेव्हा दिलेल्या सर्व हमी पूर्ण करणारे फक्त 2 निघाले. बाकीच्यांची काही बाबतींत प्रगती झाली होती आणि काही बाबतींत ते मागे पडले होते. 2009 मध्ये तो कार्यक्रम बंद झाला. ही आकडेवारी कोणाला नावे ठेवण्यासाठी सांगत नाही. अनुभवी, इच्छुक आणि मनुष्यबळ असलेल्या कारखान्यांनाही चार हमी एकदम पेलणे कठीण जाते, एवढे तिच्यातून शिकावे आणि आपल्याकडे मसुदा करताना संख्या कमी ठेवावी.

आपल्या देशात याच्या सर्वांत जवळचा प्रयोग म्हणजे मार्च 2003 मधील उद्योगांच्या पर्यावरण जबाबदारीची सनद. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ, पर्यावरण मंत्रालय आणि अति प्रदूषणकारी 17 प्रकारचे उद्योग यांनी चर्चा करून तिच्यात उद्योगनिहाय उद्दिष्टे आणि तारखा घातल्या. साखर उद्योगाने सांडपाणी गाळलेल्या दर टन उसामागे 100 लिटरपर्यंत आणावे आणि शेतीला पाण्याची गरज नसेल त्या दिवसांसाठी प्रक्रिया केलेले पाणी 15 दिवस साठवण्याची सोय करावी, ही त्यातली उद्दिष्टे आजही मसुदा करणाऱ्याला उपयोगी पडतात, कारण त्यांत एकक आहे, आकडा आहे आणि परिस्थितीचा विचार आहे.

आधारवर्ष निवडताना

सुधारणा कशाच्या तुलनेत, हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर बहुतेक मसुद्यांत एका शब्दात दिलेले असते आणि पुढचे सगळे वाद त्या शब्दातून निघतात. मागील एकच वर्ष आधाराला धरले आणि ते दुष्काळी निघाले, तर ऊस कमी आलेला, गाळप अर्धवट, यंत्रे वारंवार बंद आणि सुरू झालेली असतात. अशा वर्षी एकूण सांडपाणी कमी दिसते, परंतु टनामागचे सांडपाणी जास्त दिसते, कारण गाळप कमी झाले म्हणून धुण्यासाठी लागणारे पाणी त्या प्रमाणात कमी होत नाही. कारखाना टनामागच्या हिशेबाची हमी देणार असेल, तर असे वर्ष आधाराला घेणे त्याच्या सोयीचे ठरते. पुढच्या भरघोस हंगामात काहीही न करता आकडा सुधारतो. म्हणून सलग तीन हंगामांची सरासरी घ्यावी, त्यातला एखादा हंगाम उघडपणे विचित्र असेल तर तो का वगळला हे करारातच लिहावे आणि एकदा ठरलेले आधारवर्ष मुदत संपेपर्यंत बदलू नये.

आधाराची आकडेवारी नव्याने गोळा करण्याची गरज सहसा पडत नाही. पर्यावरण संरक्षण नियमांखालील नमुना 5 मधील पर्यावरण विवरणपत्र दरवर्षी 30 सप्टेंबरपर्यंत मंडळाला द्यावे लागते. त्यात उत्पादनाच्या एककामागे लागलेले पाणी व कच्चा माल, बाहेर गेलेले प्रदूषक आणि निघालेला कचरा यांची नोंद असते. घातक कचऱ्याचे वार्षिक विवरणपत्र 30 जूनपर्यंत जाते. ज्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी आहे, त्याचे सहामाही पालन अहवाल 1 जून आणि 1 डिसेंबर रोजी सादर होतात. ही तिन्ही विवरणपत्रे तीन वर्षांची समोर ठेवावीत आणि एकमेकांशी ताडून पाहावीत. पाण्याचा आकडा एका कागदात एक आणि दुसऱ्यात वेगळा असेल, तर आधी तो फरक मिटवावा, मगच हमीकडे वळावे. हे काम कंटाळवाणे आहे आणि बहुतेक जण ते टाळतात, पण करार टिकण्याचा किंवा मोडण्याचा निर्णय बराचसा येथेच होऊन जातो.

टनामागचा आकडा आणि एकूण भार

आता मुख्य मुद्दा. त्यासाठी एक सरळ हिशेब मांडतो. समजा, एका कारखान्याचे दैनंदिन गाळप 2,500 टन आहे आणि तो टनामागे 200 लिटर पाणी सोडतो. म्हणजे रोज 500 घनमीटर पाणी बाहेर जाते. हे पाणी शेतीला दिले जाते आणि त्यातील बीओडी 100 मिलिग्रॅम प्रतिलिटर या मर्यादेवर आहे असे धरले, तर रोज 50 किलो बीओडीचा भार शिवारात जातो. कारखान्याने हमी दिली की टनामागचे पाणी 20 टक्क्यांनी कमी करू. त्याने ते खरोखर केले आणि आकडा 160 लिटरवर आणला. दरम्यान विस्तारीकरण होऊन गाळप 5,000 टन झाले. आता रोज 800 घनमीटर पाणी आणि 80 किलो बीओडी बाहेर पडतो. हमी शंभर टक्के पूर्ण झाली आणि शिवारावरचा भार 60 टक्क्यांनी वाढला. यात कोणी खोटे बोललेले नाही, कोणी आकडा फिरवलेला नाही. लिहितानाच अर्धा प्रश्न लिहायचा राहिला होता.

म्हणून प्रत्येक हमीत दोन आकडे असावेत. एक उत्पादनाच्या एककामागचा, ज्यातून कारखान्याची कार्यक्षमता कळते, आणि दुसरा दिवसाचा किंवा हंगामाचा एकूण भार, जो नदीला, जमिनीला आणि विहिरीला सोसावा लागतो. विस्तारीकरण झाले तरी एकूण भार आधारवर्षापेक्षा वाढणार नाही, हे वाक्य करारात घातले, तर टनामागची कपात किती हवी ते आपोआप ठरते. वरच्या उदाहरणात गाळप दुप्पट होणार असेल, तर पाण्याची प्रत तीच राहून टनामागचे पाणी 100 लिटरवर आले तरच भार जागच्या जागी राहील. कारखान्याला हे जड वाटेल आणि चर्चेत तो तसे सांगेलही. पण ते जड आहे की नाही, हे विस्तारीकरणाची यंत्रे मागवण्याआधी कळणे सर्वांच्या हिताचे आहे.

एकूण भारही हंगामानुसार विभागावा. कारखान्याच्या खालच्या अंगाला नदी जानेवारीपासून कोरडी राहत असेल, तर डिसेंबरपर्यंत एक मर्यादा आणि त्यानंतर गळीत संपेपर्यंत तिच्याहून कडक मर्यादा असावी. नदीत पाणी किती आहे हे ठरवण्यासाठी पाटबंधारे विभागाच्या नोंदी किंवा जवळच्या बंधाऱ्यावरची ठरावीक खूण वापरता येते. हातनूर किंवा प्रकाशा, सारंगखेड्यासारख्या तापीवरच्या साठ्याजवळच्या उद्योगांचे गणित याहून वेगळे आहे. तेथे पाणी असते, पण ते साचलेले असते आणि काठावरच्या वस्त्या ते वापरतात, तेव्हा प्रवाहाच्या हिशेबापेक्षा साठ्यातील पाण्याची प्रत हा निकष घ्यावा.

कशाचा समावेश आहे, ते लिहावे

साखर कारखान्यांसाठी 2016 मध्ये अधिसूचित झालेल्या मानकांत दर टन उसामागे प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याचे 100 लिटर आणि स्प्रे पाँडच्या, म्हणजे पाणी फवारून गार करण्याच्या तळ्याच्या, ओसंडणाऱ्या किंवा कुलिंग टॉवरमधून सोडलेल्या पाण्याचे 100 लिटर असे दोन वेगळे हिस्से केले आहेत आणि कारखान्यातून बाहेर पडणारा मार्ग एकच असावा असे म्हटले आहे. ही एक मार्गाची अट फार मोलाची आहे. हमी ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या, टोकाशी मोजायची ठरली आणि कुलिंगचे पाणी दुसऱ्या नाल्याने निघून जात असेल, तर मोजलेला आकडा खरा असूनही निरुपयोगी ठरतो. पावसाळी गटार, आगीच्या टाकीचे ओसंडणारे पाणी, टँकरने बाहेर नेलेले सांडपाणी, शेजारच्या आसवनीकडे (मद्यार्क कारखान्याकडे) वळवलेले पाणी या प्रत्येकाचे नाव घेऊन ते हिशेबात आहे की बाहेर, हे लिहावे. करारासोबत कारखान्याचा नकाशा जोडून सगळे मार्ग आणि मीटर त्यावर दाखवले, तर पुढे कोणालाही शब्दांचा खेळ करता येत नाही.

पुनर्वापर या शब्दाची व्याख्या तर अवश्य करावी. प्रक्रिया केलेले पाणी कारखान्यातच पुन्हा वापरणे आणि ते शेताला देणे यांना एकाच शब्दाखाली घालू नये. शेताला दिलेले पाणी उपयोगी असते, परंतु किती एकरांना, कोणत्या पिकाला, किती दिवसांनी आणि पावसाची झड लागली की ते कोठे साठवायचे, याची उत्तरे नसतील, तर सिंचनाच्या नावाखाली जमिनीत पाणी मुरवणे सुरू होते. केळीच्या आणि उसाच्या पट्ट्यात शेतकरी कोरड्या दिवसांत असे पाणी आनंदाने घेतो, पण जमिनीतील क्षार वाढले तर ते त्याच्या नावावर राहतात. म्हणून शेतीला पाणी देण्याच्या हमीबरोबर त्या शेतांच्या मातीची आणि जवळच्या दोन विहिरींची हंगामाआधीची व नंतरची तपासणी जोडावी.

एका माध्यमातून काढलेले प्रदूषण दुसऱ्यात जाऊन बसले, असेही होऊ नये. बॉयलरच्या चिमणीला ओला स्क्रबर, म्हणजे पाण्याने धूर धुणारे यंत्र, लावला की धूर निवळतो आणि राखेचे काळे पाणी तयार होते. ईटीपी चांगली चालली की गाळ वाढतो. हमी एका बाबीची असली, तरी तिच्यामुळे वाढणाऱ्या दुसऱ्या बाबीचा आकडा अहवालात द्यावा लागेल, असे कलम त्यासाठी पुरेसे आहे.

मोठ्या औष्णिक वीज केंद्रात हमी वीजनिर्मितीच्या संचनिहाय लिहावी. भुसावळजवळ दीपनगरला 210, 500 आणि 660 मेगावॉट असे वेगवेगळ्या काळातले संच उभे राहत गेले. औष्णिक वीज केंद्रांच्या 7 डिसेंबर 2015 च्या अधिसूचनेत धूलिकणांची मर्यादा संचाच्या वयावर अवलंबून आहे. 2003 अखेरपर्यंतच्या संचांना 100, 2004 ते 2016 मधील संचांना 50 आणि 2017 पासूनच्या संचांना 30 मिलिग्रॅम प्रतिघनमीटर अशी ती आहे. अशा ठिकाणी केंद्राची सरासरी हमीत घातली, तर नवा संच जुन्याचे अपयश झाकून टाकतो.

मोजमाप

हमीचा आकडा लिहिण्याआधी तो कोण मोजणार, कशाने आणि किती वेळा, हे ठरवावे. साखर कारखाने, आसवन्या, औष्णिक केंद्रे यांसह 17 प्रकारच्या उद्योगांना ऑनलाइन सतत मापन यंत्रणा बसवण्याचे निर्देश केंद्रीय मंडळाने 5 फेब्रुवारी 2014 रोजी दिले. त्यामुळे मोठ्या उद्योगांकडे यंत्र असते. वाद यंत्र बंद पडलेल्या तासांचा असतो. त्या तासांची आकडेवारी सरळ सोडून दिली, तर यंत्र नेमके वाईट दिवशी बंद पडू लागते. म्हणून बंद तासांसाठी त्या महिन्यातला सर्वांत वाईट आकडा धरला जाईल, असे कलम घालावे. ते कठोर वाटते, परंतु त्याचा परिणाम असा होतो की यंत्र दुरुस्त ठेवण्यातच कारखान्याचा फायदा राहतो.

फ्लो मीटर आत येणाऱ्या पाण्यावरही हवा. आलेले पाणी, उसातून निघालेले पाणी, वाफेवाटे गेलेले आणि बाहेर सोडलेले यांचा ताळेबंद महिन्याला एकदा जुळवून पाहिला, तर न दिसणारी वाट आपोआप उघडी पडते. उसात स्वतःचेच सुमारे 70 टक्के पाणी असते, हे या ताळेबंदात विसरू नये. जो कारखाना बाहेरचे पाणी अजिबात घेत नाही, त्याच्याकडेही विल्हेवाट लावण्याजोगे पाणी असतेच.

सरासरीसोबत कमाल मर्यादाही लिहावी. मासे सरासरीने मरत नाहीत, एका रात्रीत सोडलेल्या पाण्याने मरतात. सामू म्हणजे पीएच तर सरासरीत कधीच घालू नये, कारण सकाळचे आम्ल आणि संध्याकाळचा अल्क यांची सरासरी निर्दोष दिसते. नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडूनच तपासून घ्यावेत. मंडळाच्या अधिकाऱ्याने घेतलेला नमुना न्यायालयात पुरावा म्हणून टिकवायचा असेल, तर जल कायद्याच्या कलम 21 मधील पद्धत पाळावी लागते. त्यात नोटीस देणे, नमुन्याचे भाग करणे, ते सीलबंद करणे आणि त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या घेणे येते. करारातील नमुनेही त्याच शिस्तीने घेतले, तर पुढे वेगळी धावपळ करावी लागत नाही.

तारखा आणि बँक गॅरंटी

वर उल्लेखिलेल्या 2015 च्या अधिसूचनेने वीज केंद्रांना सल्फर डायऑक्साइडची मर्यादा गाठण्यासाठी दोन वर्षे दिली होती. ती मुदत पुन्हा पुन्हा वाढली आणि जुलै 2025 मध्ये बहुसंख्य केंद्रे त्या अटीतून वगळली गेली. शेवटची एकच तारीख लिहिली की ती जवळ येईपर्यंत काही हालत नाही आणि जवळ आली की मुदतवाढीचा अर्ज येतो. यावर उपाय म्हणजे टप्पे. यंत्राची मागणी नोंदवणे, पाया व स्थापत्य काम, यंत्र बसवणे, चाचणी आणि प्रत्यक्ष आकडा गाठणे, अशा प्रत्येक टप्प्याला तारीख आणि पुरावा असावा. साखर कारखान्यात बांधकाम गळीत बंद असतानाच होते, त्यामुळे टप्प्यांच्या तारखा मे ते ऑक्टोबर या काळात बसवाव्यात. मार्चअखेरची तारीख सरकारी फाईलला सोयीची असते, पण त्या वेळी कारखाना ऐन गाळपात असतो आणि ती तारीख पहिल्याच वर्षी चुकते.

बँक गॅरंटी एकरकमी न घेता टप्प्यांना विभागून घ्यावी. टप्पा पूर्ण झाला की तेवढा हिस्सा मोकळा करावा आणि चुकला तर तेवढाच जप्त करावा. गॅरंटी जप्त झाली म्हणून हमीतून सुटका होत नाही, हे स्पष्ट लिहावे, अन्यथा ती रक्कम प्रदूषण करण्याचे शुल्क समजली जाते. पर्यावरणाची हानी टाळण्यासाठी आगाऊ बँक गॅरंटी मागण्याचा आणि भरपाई आकारण्याचा प्रदूषण मंडळांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने 4 ऑगस्ट 2025 च्या निकालात मान्य केला आहे. मात्र तो अधिकार आवश्यक नियम जारी झाल्यावरच वापरावा, असेही त्या निकालात म्हटले आहे, म्हणून हे कलम लिहिताना लागू नियम आधी पाहून घ्यावेत.

लहान उद्योगांबाबत

जळगावातील डाळमिल, चटई आणि प्लास्टिकचे कारखाने किंवा ठिकठिकाणच्या जिनिंग मिल यांना वरचा सगळा पसारा लागू करू नये. अमेरिकेतील त्या कार्यक्रमातही 50 पेक्षा कमी कामगार असलेल्यांकडून चारऐवजी दोनच हमी घेतल्या जात. डाळमिलसाठी धुळीची एक आणि आवाजाची एक अशा दोन हमी पुरेत. प्लास्टिक धुणाऱ्याकडून पाणी फिरवून वापरण्याची एक हमी घ्यावी आणि ती पाण्याच्या बिलावर मोजावी. राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात जळगाव शहराचा समावेश आहे, तेव्हा औद्योगिक वसाहतीतील सर्व डाळमिलांनी मिळून एकत्रित हमी देणे आणि वसाहतीच्या कडेला एकच सामाईक हवामापन ठेवणे हा मार्ग करून पाहण्याजोगा आहे.

गावाचा सहभाग

पांझरेच्या खोऱ्यात फड पद्धतीने पाणी वाटून घेण्याची रीत कित्येक पिढ्यांची आहे. बंधाऱ्याच्या पाण्याखालील जमिनीचे फड पाडायचे, एका फडात एकच पीक घ्यायचे, पाटकऱ्याने पाणी फिरवायचे आणि पाणी कमी असेल त्या वर्षी भिजवायचे क्षेत्रच कमी करायचे, हे नियम गावाने पाळले, कारण प्रत्येकाला दुसऱ्याचा पाट दिसत होता. करारातील हमीही अशीच दिसावी. जल कायद्याच्या कलम 25 मध्ये तरतूद आहे की मंडळाने घातलेल्या अटींची नोंदवही ठेवावी आणि त्या सांडपाण्याची झळ पोहोचणाऱ्या कोणालाही ती पाहता यावी. हा अधिकार फार थोड्यांना ठाऊक आहे. ग्रामपंचायतीने त्याआधारे अटींची प्रत मागून घ्यावी.

कारखान्याने दर पंधरवड्याला तीन आकडे मराठीत फलकावर लावावेत. त्या पंधरवड्यातील गाळप, बाहेर सोडलेले एकूण पाणी आणि त्यातील बीओडीचा सर्वाधिक आकडा, एवढे पुरे. हंगाम संपल्यावर ग्रामसभेत वार्षिक अहवाल वाचून दाखवावा आणि वाचणाऱ्याने तो अहिराणीत समजावून सांगावा, म्हणजे प्रश्नही येतील. शाळेत शिकलेली प्रमाण मराठी आणि रोजची बोली यांतले अंतर अशा सभेत लगेच जाणवते. मिलिग्रॅमची भाषा ऐकून माणसे गप्प बसतात आणि त्या गप्प बसण्याला संमती समजले जाते.

कलमाचा एक नमुना

सैल हमी साधारण अशी असते: "कारखाना पर्यावरण रक्षणास कटिबद्ध असून सांडपाण्याचे प्रमाण कमी करण्यासाठी सर्वतोपरी प्रयत्न करेल." यात आकडा नाही, आधार नाही, तारीख नाही आणि प्रयत्न झाले नाहीत हे कोणालाही सिद्ध करता येणार नाही.

त्याऐवजी असे लिहावे: "मागील तीन गळीत हंगामांच्या सरासरीनुसार टनामागे 190 लिटर आणि दिवसाला 475 घनमीटर इतके पाणी सोबतच्या नकाशात दाखवलेल्या एकमेव मार्गाने बाहेर पडते. करारानंतरच्या तिसऱ्या गळीत हंगामापर्यंत हे प्रमाण टनामागे 140 लिटर आणि दिवसाला 350 घनमीटर यांवर आणले जाईल. गाळप क्षमता वाढली तरी दिवसाची मर्यादा बदलणार नाही. 1 जानेवारीपासून गळीत संपेपर्यंत नदीत पाणी सोडले जाणार नाही आणि ते 15 दिवसांच्या साठवण तलावात घेऊन परिशिष्टातील गट क्रमांकांच्या शेतांनाच दिले जाईल. मापन यंत्र बंद असलेल्या तासांसाठी त्या महिन्यातील सर्वाधिक नोंद धरली जाईल." आकडे अर्थातच उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने आपल्या विवरणपत्रांतून स्वतःचे काढावेत.

सहकारी कारखान्यांसाठी आणखी एक कलम लागते. संचालक मंडळे बदलतात, कारखाने भाडेतत्त्वावर दिले जातात, बंद पडतात आणि नव्या नावाने पुन्हा सुरू होतात. हे खानदेशाने जवळून पाहिले आहे. हमी अध्यक्षांच्या नावावर न राहता त्या जागेवर आणि संमतीपत्रावर राहील, भाडेकरूला ती करारनाम्याद्वारे बंधनकारक असेल आणि ताबा बदलल्यापासून 30 दिवसांत मंडळाला कळवले जाईल, एवढे त्यात असावे. त्यासोबत संचालक मंडळाच्या ठरावाची प्रत जोडावी.

करारावर सह्या झाल्या की पहिली नोंद बॉयलर पेटण्याच्या आधी घ्यावी. कारखाना, मंडळ आणि ग्रामपंचायत यांचा प्रत्येकी एक माणूस मीटरजवळ उभा राहून सुरुवातीचा आकडा लिहून घेईल, नाला नदीला मिळतो तेथून वरच्या आणि खालच्या बाजूचे पाणी बाटलीत भरेल, जवळच्या दोन विहिरींचे नमुने घेईल आणि तिघांच्या सह्यांचा पंचनामा करेल. त्याची एक प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरात ठेवावी, कारण एप्रिलमध्ये तीच प्रथम मागितली जाईल.